गाडी घेऊन गोथेनबर्गला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, नेदरलँड्स किंवा डेन्मार्कमध्ये राहणारी बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी काढून स्वीडनकडे निघतात. वोल्वोच्या किंवा आयटीच्या कामानिमित्त गोथेनबर्गमध्ये राहणाऱ्यांकडे पुण्याहून आई-वडील येतात, तेव्हाही भाड्याच्या गाडीचा विषय निघतोच. गाडी या बंदरापर्यंत आणणं सोपं आहे. अडचण सुरू होते ती गावात शिरल्यावर, आणि त्यातही ती उभी करताना. म्हणून पार्किंगवर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

गोथेनबर्ग बघायला गाडी लागते का?

शहरासाठी लागत नाही. जुनं गाव एका कालव्याच्या आत बसलेलं आहे. १६२१ मध्ये डच स्थापत्यतज्ज्ञांच्या मदतीने त्याची आखणी झाली. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून हागा या जुन्या लाकडी घरांच्या भागापर्यंत रमतगमत अर्ध्या तासात चालत पोहोचता येतं. लिसेबर्ग हे करमणूक उद्यान, युनिवर्सिअम हे विज्ञान केंद्र, वर्ल्ड ऑफ वोल्वो, फेस्केशर्का हा मासळी बाजार या सगळ्या ठिकाणी ट्राम जाते.

गाडीचा खरा उपयोग गावाबाहेर. उत्तरेकडचा बोहुसलेनचा खडकाळ किनारा, मार्स्ट्रांड, हॅन्यो बेट, आतल्या भागातली तळी यांसाठी ती हवी. चार दिवस असतील तर दोन दिवस गाडी एका जागी उभी आणि दोन दिवस बाहेर, असं वेळापत्रक आखा.

कुठून किती अंतर आहे?

मालमोहून साधारण २७० किमी, कोपनहेगनहून ३१५, ऑस्लोहून २९०, स्टॉकहोमहून ४७०. मालमो आणि ऑस्लो या दोन्ही बाजूंनी ई६ हाच महामार्ग. स्टॉकहोमहून येताना यन्शोपिंगपर्यंत ई४ आणि पुढे ४० क्रमांकाचा रस्ता.

हॅम्बुर्गहून पूर्ण रस्त्याने यायचं तर ८०० किमीच्या आसपास, आणि वाटेत दोन महागडे टोल: डेन्मार्कमधला ग्रेट बेल्ट पूल आणि कोपनहेगन-मालमो दरम्यानचा ओरेसुंड पूल. दोन्हीचं तिकीट किंवा पास ऑनलाइन आधी घेतला तर स्वस्त पडतो. ग्रेट बेल्ट टाळायचा असेल तर पुटगार्डन-रॉडबी ही ४५ मिनिटांची फेरी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, आहे.

दुसरा मार्ग कीलहून रात्रभराच्या जहाजाचा. संध्याकाळी गाडी चढवायची, केबिनमध्ये झोपायचं आणि सकाळी थेट गोथेनबर्गमध्ये उतरायचं. हॅम्बुर्ग ते कील जेमतेम शंभर किमी आहे. दोन टोल, इंधन आणि वाटेतला एक हॉटेल मुक्काम यांची बेरीज केली, तर चौघांच्या कुटुंबाला जहाज फारसं महाग पडत नाही. दोन मुलं मागच्या सीटवर असतील तर आम्ही जहाजच सुचवू. डेन्मार्कच्या युटलांड भागातून येणाऱ्यांसाठी फ्रेडरिक्सहाउन-गोथेनबर्ग ही साडेतीन तासांची फेरी सोयीची.

जहाजावर गाडी नेताना काय चुकतं?

सगळ्यात जास्त चूक होते ती टर्मिनलची. स्टेना लाइन या जहाज कंपनीची जर्मनीला जाणारी आणि डेन्मार्कला जाणारी जहाजं वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात. नकाशात नुसतं कंपनीचं नाव टाकलं तर भलत्याच फाटकाशी पोहोचाल, आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथून दुसऱ्या धक्क्यावर जाण्यात अर्धा तास सहज जातो. तिकिटावर छापलेला टर्मिनलचा पत्ता जसाच्या तसा टाका.

दुसरी चूक उंचीची. बुकिंग करताना गाडीची उंची विचारतात ती छतावरच्या पेटीसह. साधी एसयूव्ही १.७ मीटरची धरली, तर पेटी आणि तिचे दांडे मिळून ती २.१ मीटरच्या वर जाते. फीतपट्टीने मोजा, अंदाजाने लिहू नका. जास्त उंचीच्या गाड्यांचा डेक वेगळा असतो आणि भाडंही वेगळं.

गाडी डेकवर लावल्यावर हँडब्रेक ओढा आणि गिअर टाकून ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये. अलार्मचा हालचाल ओळखणारा सेन्सर बंद करा, नाहीतर लाटेच्या हेलकाव्याने रात्रभर भोंगा वाजतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. समुद्रात असताना कारडेकला कुलूप असतं. औषधं, मुलांचे कपडे, चार्जर आणि खाण्याचा डबा एका पिशवीत घेऊन वर जा. डेकचा क्रमांक आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढून ठेवा.

भारतीय लायसन्स चालतं का?

पर्यटक म्हणून चालतं. भारतीय स्मार्ट कार्डवर इंग्रजी मजकूर आणि फोटो असतो, तेवढं पुरतं. तरी गाडी भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, आणि तो नसेल तर काउंटरवरूनच परत पाठवतात. निघण्याआधी आरटीओकडून, म्हणजे सारथी पोर्टलवरून, तो काढून घ्या. मुदत एक वर्षाची असते. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसता परवाना कोणी मान्य करत नाही.

स्वीडनमध्ये रहिवासी म्हणून नोंद झाली की भारतीय लायसन्स तिथून एकच वर्ष चालतं. ते बदलूनही मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी देऊन स्वीडिश लायसन्स नव्याने काढावं लागतं.

शेंगेन क्षेत्राच्या आत फिरत असलात तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड बॅगच्या तळाशी ठेवू नका. ओरेसुंड पूल ओलांडल्यावर आणि बंदरात उतरताना तपासणी होऊ शकते.

शहरात शिरताना टोल आहे का? नाका कुठेच दिसला नाही.

नाका नाही, पण कर आहे. त्याला गर्दी-कर म्हणू. पाट्यांवर ‘त्रेंगसेलस्कात’ असतं. १ जानेवारी २०१३ पासून तो लागू आहे आणि २०१५ पासून परदेशी नंबरच्या गाड्यांनाही भरावा लागतो. रस्त्यावरच्या कमानीखालून जाताना कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. थांबायचं नाही, काही दाबायचं नाही, आगाऊ भरायची सोय नाही.

कर सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६.२९ या वेळात लागतो. दर वेळेनुसार ९, १६ किंवा २२ क्रोनर. सर्वात महाग वेळा दोन: सकाळी ७ ते ७.५९ आणि दुपारी ३.३० ते ४.५९. सकाळी ८.३० ते दुपारी २.५९ हा सरळ ९ क्रोनरचा पट्टा. दिवसाची कमाल मर्यादा ६० क्रोनर. शनिवारी, रविवारी, सार्वजनिक सुट्टीला, सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि संपूर्ण जुलै महिन्यात कर नाही. म्हणजे जुलैत येणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून पुढे वाचायला हरकत नाही.

एक नियम नीट समजून घ्यावा. पहिल्या कमानीपासून ६० मिनिटांत कितीही कमानी ओलांडल्या तरी एकदाच आकारणी होते, आणि ती त्या तासातल्या सर्वात मोठ्या दराने. समजा गुरुवारी तुम्ही ४.१० ला पहिली कमान ओलांडली आणि रस्ता चुकून ४.५० ला आणखी एक. एकूण २२ क्रोनर. पण हॉटेल शोधत ५.२० ला तिसरी ओलांडली तर नवा तास सुरू होतो आणि १६ क्रोनर वाढतात.

शहरात न थांबता ई६ ने सरळ ऑस्लोकडे जाणाऱ्यालाही हा कर चुकत नाही, कारण नदीखालच्या टिंगस्टाड बोगद्याच्या वाटेवरच कमान आहे. त्यासाठी लांबचा वळसा घेऊ नका. जेवढा कर वाचेल त्याहून जास्त इंधन जळेल.

बिल कुठे येतं?

स्वीडिश गाडी असेल तर मालकाला, महिन्याच्या महिन्याला. परदेशी गाडीचं बिल ईपास२४ या वसुली करणाऱ्या कंपनीमार्फत गाडीच्या नोंदणीच्या पत्त्यावर येतं. त्यांच्या संकेतस्थळावर गाडी नोंदवली तर ईमेलवर मिळतं. नुकतंच घर बदललं असेल आणि गाडीच्या कागदांवर जुना पत्ता असेल, तर ही नोंदणी जरूर करा. बिल न मिळाल्यामुळे मुदत गेली तरी दंड लागतोच.

भाड्याच्या गाडीचा कर कंपनी भरते आणि नंतर तुमच्या कार्डावरून वळता करते. वर हाताळणी शुल्क लावतात, आणि ते कधीकधी मूळ करापेक्षा मोठं असतं. करार करताना हे शुल्क दर कमानीमागे आहे की संपूर्ण भाडेकाळासाठी एकदाच, एवढं विचारून घ्या.

डिझेल गाडीला बंदी किंवा स्टिकर आहे का?

साध्या प्रवासी मोटारीला नाही. गोथेनबर्गमधलं पर्यावरण क्षेत्र जड ट्रक आणि बस यांच्यासाठी आहे. जर्मनीतलं हिरवं स्टिकर इथे कोणी बघत नाही. मात्र गाडी उभी करून इंजिन चालू ठेवायला इथे एका मिनिटाची मर्यादा आहे. हिवाळ्यात काच गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय इथे चालत नाही.

पार्किंगच्या पाट्या कशा वाचायच्या?

पाटी वरून खाली वाचायची. वर मुख्य चिन्ह, त्याखाली एकेक जोडपाटी, आणि प्रत्येक जोडपाटी तिच्या वरच्या चिन्हाला लागू. एकाच खांबावर दोन मुख्य चिन्हं असतील तर दोन वेगळे नियम आहेत असं समजा.

वेळा तीन प्रकारे लिहिलेल्या असतात आणि इथेच बहुतेक पाहुणे फसतात. साधे काळे आकडे म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार. कंसातले आकडे म्हणजे शनिवार, तसंच कोणत्याही सुट्टीचा आदला दिवस. लाल आकडे म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्टी. पाटीवर ‘९–१८’ आणि खाली ‘(९–१५)’ असेल आणि लाल ओळ नसेल, तर रविवारी त्या नियमातून सुटका. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी मात्र कंसातली वेळ धरायची, कारण तो सुट्टीचा आदला दिवस. कोणतीच वेळ लिहिलेली नसेल तर नियम चोवीस तास, सगळे दिवस.

नेहमी दिसणारे शब्द असे. ‘आवगिफ्त’ म्हणजे पैसे भरून. ‘ताक्सा’ आणि पुढे आकडा म्हणजे दराचा क्रमांक. तो आकडा रुपया-क्रोनर काही नसतो, ॲपमध्ये टाकायचा असतो. ‘तीम’ म्हणजे तास, म्हणजे ‘२ तीम’ला दोन तासांच्या वर पैसे भरूनही थांबता येत नाही. ‘बूएन्दे’ म्हणजे तिथले रहिवासी. सोबत ‘आवगिफ्त’ असेल तर तुम्ही नेहमीच्या दराने थांबू शकता, नुसतं ‘बूएन्दे’ असेल तर ती जागा तुमची नाही. ‘पे-स्किवा’ असेल तर पुठ्ठ्याची पार्किंग चकती लावायची: पोहोचल्याची वेळ पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण तासावर ठेवून. १०.१० ला आलात तर काटा १०.३० वर. जर्मनीतली निळी चकती चालते.

गोल निळी, लाल कडेची पाटी आणि एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंग मना. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाही मना.

पाटी नीट वाचली, पैसेही भरले, तरी दंडाची चिठ्ठी आली. का?

बहुतेक वेळा रस्ता धुण्याचा दिवस असतो. खांबावर पार्किंग मनाची पाटी, खाली वार आणि वेळ, आणि त्याखाली ‘उद्दा वेकोर’ किंवा ‘येम्ना वेकोर’ असं असतं. म्हणजे वर्षातल्या विषम किंवा सम क्रमांकाच्या आठवड्यात त्या दिवशी तिथे गाडी नको. स्वीडनमध्ये सगळा कारभार आठवड्याच्या क्रमांकावर चालतो; शेजाऱ्याला सुट्टी कधी विचारलं तर तो तारखेऐवजी ‘आठवडा २९’ सांगेल. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडा-क्रमांक दाखवायची सोय असते, ती आधीच चालू करा. रात्री ९ ला गाडी लावताना उद्याचा वार आणि आठवडा दोन्ही बघायचे.

दुसरं कारण १० मीटरचं. चौकापासून १० मीटरच्या आत आणि पादचारी पट्ट्यांच्या अलीकडे १० मीटरच्या आत पार्किंग नाही, आणि याची पाटी कुठेही लावलेली नसते. मोटारींच्या रांगेत शेवटची एक जागा मोकळी दिसली तर ती अशीच असते. दोन गाड्यांची लांबी अधिक थोडं, एवढं अंतर डोळ्यांनी मोजा.

तिसरं कारण दिशा. दुहेरी रस्त्यावर गाडी उजव्या कडेलाच लावायची. समोरच्या बाजूची जागा बघून उलटं तोंड करून लावली तर तीही चूक.

चौथं ‘दातुमपार्केरिंग’. सम तारखेला सम घरक्रमांकाच्या बाजूला गाडी लावायची नाही, विषम तारखेला विषम बाजूला. आपल्याकडच्या पी-१, पी-२ ची सवय असणाऱ्या पुणेकराला हे लवकर जमतं.

मग गाडी ठेवायची कुठे?

दोन-तीन रात्री राहणार असाल तर बुकिंगआधी हॉटेलला विचारा: पार्किंग स्वतःचं आहे का, जागा राखून मिळते का, उंचीची मर्यादा किती. ‘पार्किंग उपलब्ध’ याचा अर्थ अनेकदा शेजारच्या सार्वजनिक इमारतीत पैसे भरून, मिळाली तर, असा असतो.

स्थानकाजवळ नॉर्दस्तान या बाजार-इमारतीवरचं मोठं पार्किंग आहे. पावसात सर्वात सोयीचं, पण छतावर पेटी असेल तर आत शिरण्याआधी दारावर टांगलेली उंचीची पाटी वाचा. मागे चार गाड्या लागल्यावर उतारावरून रिव्हर्स घेणं नको वाटतं. हेडेन हे मैदानी पार्किंग गावाच्या मधोमध आहे, तिथे उंचीची अडचण नाही. जुलैत गोथिया कप ही मुलांची फुटबॉल स्पर्धा असते तेव्हा मात्र त्याची आशा सोडा.

दिवसभरासाठी सर्वात शहाणा पर्याय ‘पेंडेलपार्केरिंग’, म्हणजे ट्राम किंवा बसच्या थांब्याजवळ गाडी ठेवून पुढे सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांसाठीचं पार्किंग. बहुतेक मोफत. पण किती तास थांबता येतं आणि काही नोंद करावी लागते का हे पाटीवर असतं, आणि ते जागेगणिक बदलतं. रात्रीच्या मुक्कामासाठी ही जागा वापरू नका.

पैसे कसे भरायचे?

नाण्यांचा काळ इथे संपला. शहराच्या पार्किंग कंपनीचं ‘पार्केरिंग योतेबोर्य’ हे ॲप आणि ईझीपार्कसारखी खासगी ॲप चालतात. खासगी ॲप वर थोडं शुल्क लावतात. ॲप घरीच उतरवून कार्ड जोडून ठेवा; थंडीवाऱ्यात खांबाखाली उभं राहून बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येण्याची वाट बघणं ही नेहमीची फजिती आहे.

नंबर टाकताना एक बारकावा. स्वीडिश प्लेटवर तीन अक्षरं, दोन आकडे आणि शेवटी एक आकडा किंवा अक्षर असतं. शेवटच्या जागी ‘ओ’ हे अक्षर कधीच येत नाही, तेव्हा तिथे गोल दिसलं तर ते शून्यच. भाड्याची गाडी घेताना किल्लीवरच्या बिल्ल्याचा नव्हे, प्रत्यक्ष प्लेटचा फोटो काढा. चुकीच्या नंबरवर भरलेले पैसे तपासनीसाला दिसत नाहीत.

आणि वेळ आधी न ठरवता सुरू केलेलं पार्किंग असेल तर निघताना ॲपमध्ये ते बंद करा. विसरलात तर मीटर धावत राहतो.

दंडाची चिठ्ठी मिळाली तर?

आधी ती कोणाची आहे ते बघा. सार्वजनिक रस्त्यावरची चिठ्ठी म्हणजे सरकारी दंड. तुमची हरकत असली तरी तो मुदतीत भरायचा आणि मग पोलिसांकडे दाद मागायची. दाद लागली तर पैसे परत मिळतात. खासगी जागेवरची चिठ्ठी, म्हणजे दुकानाचं अंगण किंवा वसाहतीचा आवार, हा कंपनीचा दावा असतो. तिथे हरकत असेल तर पैसे न भरता आधी लेखी कळवायचं. दोन्हींत पाटीचा आणि गाडीचा एकत्र फोटो कामी येतो, म्हणून गाडी हलवण्याआधी काढा.

ट्राम असलेल्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

साधं सूत्र: ट्रामला वाट द्या, नेहमी. ती वळू शकत नाही आणि पावसाळी रुळांवर तिला थांबायला लांब अंतर लागतं.

नवख्यांचा अपघात जवळजवळ एकाच प्रकारे होतो. रूळ रस्त्याच्या मधोमध, तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूच्या लेनमध्ये, आणि तुम्हाला डावीकडे वळायचं आहे. समोरून गाडी येत नाही असं बघून तुम्ही स्टिअरिंग फिरवता, आणि मागून त्याच दिशेने येणारी ट्राम डाव्या दारावर आदळते. डावा आरसा आणि मान वळवून डावा खांदा, हे दोन्ही बघितल्याशिवाय रूळ ओलांडायचे नाहीत. गोल चौकांतही (राउंडअबाउट) रूळ मधून जातात, तिथेही हेच. भारतात डावीकडचं वळण सोपं मानायची सवय असते. इथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे डावं वळण हेच अवघड.

ज्या थांब्यावर प्रवासी थेट रस्त्यावर उतरतात तिथे ट्राम थांबली की तुम्हीही मागे थांबा. उजवीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आधी जाऊ द्या. लाल दिव्यावर उजवीकडे वळायची मुभा नाही.

ब्रुन्सपार्केन आणि स्थानकासमोरचा द्रोतनिंगतोर्येत हे चौक ट्राम-बसचे आहेत. २०१८ पासून वेस्टलेंकन या भुयारी रेल्वेच्या कामामुळे स्थानक आणि कोर्सवेगन परिसरातल्या रस्त्यांची आखणी वारंवार बदलत आली आहे. नेव्हिगेशनचे नकाशे ताजे करून या, आणि नकाशा आणि पाटी यांच्यात तफावत दिसली तर पाटीचं ऐका.

बोगद्यात जीपीएस बंद पडतं, मग?

पडतंच. योता बोगदा १.६ किमीचा आहे आणि बाहेर पडताच लेन निवडावी लागते. टिंगस्टाड, मारिएहोल्म, लुंडबी असे आणखी बोगदे आहेतच. आत शिरण्याआधी पुढच्या फाट्याचा रस्ता-क्रमांक लक्षात ठेवा: ई६, ई२०, ई४५, ४० किंवा १५५. शेजारी बसलेल्याने तो मोठ्याने म्हणत राहावा. फाटा चुकला तर पुढच्या एक्झिटने वळा. लेन तोडून मध्येच शिरू नका.

पेट्रोल पंपावर काय लक्षात ठेवायचं?

बहुतेक पंपांवर माणूस नसतो. पिन असलेलं कार्ड लागतं, आणि आधी मोठी रक्कम अडवून ठेवून नंतर खरी वजा होते. डेबिट कार्डावर ती काही दिवस अडकू शकते. नळीवर गोल चिन्ह म्हणजे पेट्रोल, चौकोनी म्हणजे डिझेल. साध्या पेट्रोल गाडीला ‘९५’. ‘ई८५’ लिहिलेलं इंधन स्वस्त दिसतं, पण ते मुख्यतः इथेनॉल आहे. त्यासाठी न बनवलेल्या गाडीत घालू नका.

हिवाळ्यात आलो तर?

१ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा चिखलबर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे, परदेशी गाडीलाही. नक्षीची खोली किमान ३ मिमी. टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. भाड्याच्या गाडीला ते लावलेलेच असतात. खिळ्यांचे टायर असतील तर ओडिन्सगातान आणि फ्रिग्गागातान या रस्त्यांवर त्यांना बंदी आहे.

गोथेनबर्ग समुद्राकाठी असल्याने इथे बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा पाऊस जास्त छळतो. दिवसा ओला वाटणारा पूल पहाटे काचेसारखा होतो. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो. काच खरवडायची पट्टी आणि न गोठणारं वॉशर-पाणी जवळ ठेवा.

बेटांवर गाडी नेता येते का?

बेटांचे दोन वेगळे गट आहेत आणि त्यांची गल्लत होते.

दक्षिणेकडची बेटं, म्हणजे ब्रेन्यो, स्टिर्स्यो, दोन्स्यो, व्रोंग्यो वगैरे, मोटारमुक्त आहेत. तिथे माणसं चालतात, सायकल चालवतात किंवा सामानाची तीनचाकी मोपेड हाकतात. बोट सॉल्टहोल्मेनहून सुटते. तिथलं पार्किंग उन्हाळ्यात सकाळीच भरतं, म्हणून गावातून ११ क्रमांकाच्या ट्रामने जा. वॅस्टट्राफिक या इथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीचं ‘ए’ विभागाचं ९० मिनिटांचं तिकीट ट्राम आणि बोट दोन्हींना चालतं. २८१ क्रमांकाची बोट व्रोंग्योकडे, २८२ ब्रेन्योकडे. तिकीट ॲपवर काढून मगच चढा, चालक विकत नाही. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच बघून ठेवा.

उत्तरेकडच्या हॅन्यो आणि ओकेर्यो बेटांवर मात्र गाडी जाते, तीही फुकट. १५५ क्रमांकाच्या रस्त्याने लिला वारहोल्मेनला जायचं; तिथून पिवळी सरकारी फेरी बारा-एक मिनिटांत पलीकडे सोडते. तिकीट नाही, बुकिंग नाही, रांगेत लागायचं. धक्क्यावर फलकानुसार योग्य रांग धरा, कारण ब्यर्क्यो बेटाची फेरीही तिथूनच जाते. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी परतताना रांग लांबते. सकाळी १० च्या आत गेलात तर त्रास नाही.

मार्स्ट्रांडसाठी कुंगेल्वहून १६८ क्रमांकाचा रस्ता. गाडी कोओन या अलीकडच्या बेटावर पैसे भरून ठेवायची आणि छोट्या फेरीने पलीकडच्या किल्ल्याच्या बेटावर पायी जायचं.

कोणत्या दिवशी गाडीने शहरात येऊ नये?

मे महिन्यातल्या योतेबोर्यवार्वेत या अर्धमॅरेथॉनच्या दिवशी पूल आणि मुख्य रस्ते बंद असतात. ३० एप्रिलला संध्याकाळी चाल्मर्स या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मिरवणूक निघते. ऑगस्टमध्ये स्लॉट्सस्कोगेन उद्यानात संगीत महोत्सव असतो. उल्लेवी मैदानावर मोठा कार्यक्रम असेल त्या संध्याकाळी गोर्दा आणि हेडेन भागात जागा मिळत नाही.

मुलं, दारू, फोन यांचे नियम?

१३५ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन किंवा बूस्टर हवंच. हेडलाइट दिवसाही चालू. फोन हातात धरणं गुन्हा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रोमिल (हजारात ०.२ भाग), जर्मनीच्या ०.५ पेक्षा बरीच कडक. रात्रीच्या जहाजावर बारमध्ये उशिरापर्यंत बसलात तर सकाळीही शरीरात शिल्लक राहू शकते, आणि उतरताना बंदराच्या फाटकावर तपासणी होते.

रस्त्यात हरीण किंवा एल्क (मोठ्या आकाराचं हरीण) आडवं आलं तर?

पहाटे आणि संध्याकाळी जंगलाकडेच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. एक ओलांडलं की मागून दुसरं येणार असं धरून चाला. धडक बसली तर प्राणी पळून गेला तरी ११२ ला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि शोधपथकाला जागा सापडावी म्हणून कडेला ठळक खूण, अगदी एखादी प्लॅस्टिकची पिशवी, बांधून ठेवायची. दुखापत नसलेल्या इतर बाबतीत पोलिसांचा क्रमांक ११४ १४.

लँडवेटर विमानतळावरच गाडी घ्यावी का?

पहिले दोन दिवस शहरातच असाल तर नको. विमानतळ शहरापासून २५ किमीवर आहे आणि बस अर्ध्या तासात सोडते. शहर बघून झाल्यावर, बाहेर पडायच्या सकाळी, गावातल्या शाखेतून गाडी घ्या. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर लागते. वडिलांच्या नावावर बुकिंग आणि मुलाचं कार्ड असं चालवून घेत नाहीत. घेताना चाकांच्या रिम आणि पुढची काच यांचे फोटो काढा. खडी उडून काचेला पडलेला टिपका हा परत करतानाच्या वादाचा सर्वात नेहमीचा विषय.